आधी मोजा, मग उघडा

मंडळी, मॅगझिनच्या मराठी विभागात पाऊस, आई, मैत्री आणि हॉस्टेलची मेस हे चार विषय ठरलेले असतात. मी पाचवा आणलाय. ऑइल प्रेशर! लगेच पान उलटू नका. हे फक्त मेकॅनिकलवाल्यांसाठी नाहीये. गाडी माझ्या मामाची असली तरी आजार आपल्या सगळ्या ब्रँचना आहे.

मामाचं गाव खुटबाव. पुण्याहून दौंडच्या गाडीत बसलं की यवतच्या पुढचं आणि केडगावच्या अलीकडचं स्टेशन. चहूकडे ऊस, आणि ऊस म्हटला की गुऱ्हाळ आलंच. मामाचंही एक छोटं गुऱ्हाळ आहे. त्याच्या शेडमध्ये उभी असते आजोबांनी घेतलेली पांढरी प्रीमियर पद्मिनी, १९८६ चं मॉडेल. वयानं माझ्या जवळजवळ दुप्पट. आईची पाठवणी याच गाडीतून झाली आणि मी गाडी शिकले तीही हिच्यावरच. स्टिअरिंगच्या दांडीवरचा गिअर टाकताना मामाचा जीव किती खालीवर झाला असेल ते त्यालाच माहीत!

पद्मिनी म्हणजे मूळची इटलीची फियाट ११००. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये सुरू केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सनं ती मुंबईत कुर्ल्याला बनवली. इंजिन १०८९ सीसी, चार सिलिंडर. मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी म्हणजे हीच, असं समीकरण कित्येक वर्षं होतं. वीस वर्षांची वयोमर्यादा संपली आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये शेवटची पद्मिनी टॅक्सीही रस्त्यावरून गेली. आता ज्या उरल्यात त्या अशाच कुणाच्या तरी शेडमध्ये. एक भंगारात गेली की एक कायमची कमी.

तर, आमचीही जाणार होती. आणि त्यात माझा मोठा हात होता.

गेल्या वर्षी पावसाळ्याच्या शेवटी मामाचा फोन आला. "बाळ, चौफुल्याला गाडी थांबवली की डॅशबोर्डावरचा लाल दिवा लुकलुकतोय. ऑइलचा. गाडी गरम झाल्यावरच. रेस दिली की जातोय." पुण्यातल्या एका गॅरेजवाल्यानं गाडी चालू करून दोन मिनिटं ऐकली होती आणि सांगितलं होतं, इंजिन उतरवावं लागेल, फुल काम, चाळीस हजार धरून चाला. मामाला खात्री करून घ्यायची होती. घरात इंजिनिअर होऊ घातलेली भाची असताना तो दुसऱ्या कुणाला विचारेल?

मी हॉस्टेलच्या गच्चीवर उभी राहून पाच मिनिटांत निदान केलं. गरम झाल्यावर स्लोला प्रेशर पडतं म्हणजे मेन बेअरिंग झिजलंय, क्लिअरन्स वाढलाय. सरळ आहे. पुस्तकात तसंच लिहिलंय आणि ते चूकही नाही. मामा मध्येच म्हणाला, "पण ऑइल काय खात नाही हां गाडी. उलट पट्टीवर वाढल्यासारखं दिसतंय. पेट्रोल मात्र जरा जास्त पितीये." मी हसून म्हटलं, "मामा, ऑइल कुठे वाढतं का? पट्टी नीट पुसून बघा. आणि म्हातारी झाल्यावर पेट्रोल जास्त पिणारच."

हे वाक्य लक्षात ठेवा. मला ते आता आयुष्यभर लक्षात राहणार आहे.

चाळीस हजार मामाला जड होते. गुऱ्हाळाचा हंगाम तोंडावर, मजुरांना उचल द्यायची. भंगारवाला वीस हजार द्यायला तयार होता. गॅरेजवालाही बेअरिंग म्हणतोय आणि भाचीही बेअरिंग म्हणतेय म्हटल्यावर विषय संपला. दिवाळीनंतर गाडी द्यायची ठरलं. मामी रडली म्हणे. मला मात्र आपलं निदान एक्स्पर्टशी जुळल्याचा आनंद झाला होता!

दिवाळीच्या सुट्टीत मी खुटबावला गेले. गुऱ्हाळाच्या चरकाचं डिझेल इंजिन हंगामाआधी बघायला एक म्हातारे मिस्त्रीकाका येतात. शाळा सातवीपर्यंत, इंजिनांचा संसार पन्नास वर्षांचा. चहा पिता पिता मामानं त्यांना पद्मिनीचं सांगितलं आणि कौतुकानं माझं निदानही सांगितलं. काकांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि मला विचारलं, "ताई, तुमचं बराबर आसंल. पण मोजलं का?"

मी म्हटलं, "काय मोजायचं? दिवा लागतोय ना."

"दिवा काय, वाईच बोंबलतो. किती आन कशानं, ते थोडंच सांगतोय?"

आता थोडं टेक्निकल, पण सोपं करून सांगते. इंजिनच्या तळाशी, म्हणजे मिस्त्री लोक ज्याला चेंबर म्हणतात तिथे, ऑइल साठलेलं असतं. पंप ते जाळीतून ओढतो आणि क्रँकशाफ्टच्या बेअरिंगपर्यंत ढकलतो. बेअरिंग आणि शाफ्ट यांच्यात केसाहूनही बारीक फट असते. तिच्यातून ऑइल झिरपून परत चेंबरमध्ये पडतं. पंप ढकलतोय आणि फट अडवतेय, या झटापटीतून जो दाब तयार होतो तो आपला ऑइल प्रेशर. पंप स्वतः दाब बनवत नाही, तो फक्त ऑइल पुढे पाठवतो.

म्हणजे दाब कमी व्हायला तीन वाटा. एक, ऑइल कमी येतंय: चेंबरमध्येच कमी आहे, जाळी तुंबलीये, पंप झिजलाय किंवा जादा दाब सोडणारा रिलीफ व्हॉल्व्ह उघडाच अडकलाय. दोन, फट मोठी झालीये, म्हणजे बेअरिंग झिजलंय. तीन, ऑइलच पातळ झालंय. फटीतून होणारी गळती क्लिअरन्सच्या घनाच्या प्रमाणात वाढते. फट दुप्पट झाली की गळती आठपट. म्हणून सगळे आधी बेअरिंगकडे बोट दाखवतात. पण तीच गळती ऑइल निम्म्यानं पातळ झालं तर दुप्पट होते, हे विसरतात. स्लोला पंप हळू फिरतो आणि गरम ऑइल पातळ असतं, म्हणून दिवा नेमका तेव्हाच लागतो. आजार तिघांपैकी कुठलाही असो, लक्षण एकच! लक्षणावरून थेट आजाराचं नाव सांगणारी मी म्हणजे नाडी न बघता औषध देणारी वैद्यबाई.

आणि चौथी शक्यता सगळ्यात साधी. प्रेशर ठीक आहे, दिवाच खोटा बोलतोय. तो दिवा इंजिनला लावलेल्या एका छोट्या स्विचवर चालतो. दाब साधारण ५ ते ७ पीएसआयच्या खाली गेला की स्विच जोडला जातो आणि दिवा पेटतो. स्विच बिघडला किंवा वायरचं इन्शुलेशन जाऊन ती बॉडीला टेकली, तरी दिवा लागणारच.

काकांनी पहिल्यांदा तेच बघितलं. इग्निशन चालू करून स्विचची वायर काढली, दिवा गेला. वायर बॉडीला टेकवली, दिवा लागला. म्हणजे वायर ठीक. मग पट्टी काढली. पुसली, परत घातली, परत काढली. ऑइल वरच्या खुणेच्या बोटभर वर होतं. मामा बरोबर होता. काकांनी पट्टी नाकाशी नेली, कानावरची बिडी दूर ठेवून आले आणि पट्टी माझ्यापुढे धरली. "हुंगा."

पेट्रोल! वेगळं काही सांगायलाच नको, इतका स्पष्ट वास.

मी म्हटलं, "मग ऑइल बदलून टाकू लगेच." काका म्हणाले, "थांबा की. आधी आकडा घिऊ. न्हायतर बरं झालं हे कशावरनं म्हनायचं?"

त्यांच्या पेटीत ट्रॅक्टरचं एक जुनं गेज होतं, तांब्याच्या बारीक नळीसकट. पद्मिनीच्या स्विचचे आटे वेगळे, म्हणून मधला तुकडा चौफुल्याच्या लेथवाल्याकडून करून आणला. स्विच काढून त्या जागी गेज बसवलं. गार इंजिन, स्लोला: २६ पीएसआय. चांगलं गरम झाल्यावर स्लोला: ५. रेस दिल्यावर: २१. म्हणजे दिवा खरं बोलत होता, दाब खरोखरच कमी होता. आकडे मी गुळाच्या हिशोबाच्या वहीत लिहिले आणि इंजिन लगेच बंद केलं, कारण एवढ्या कमी दाबावर जास्त वेळ चालवणं म्हणजे नसलेला आजार ओढवून घेणं.

मग मला एक उद्योग सुचला. पाण्याच्या दोन सारख्या बाटल्या घेऊन बूड कापलं, दोन्हीला एकाच झाकणाचा वापर केला आणि त्या झाकणाला खिळ्यानं एक भोक पाडलं. बाटलीवर दोन खुणा केल्या. ऑइल वरच्या खुणेपासून खालच्या खुणेपर्यंत यायला किती वेळ लागतो ते मोबाईलच्या स्टॉपवॉचवर मोजलं. डब्यातलं नवीन ऑइल: ११२ सेकंद. चेंबरमधून काढलेलं, पूर्ण गार झाल्यावर: ४८. तीन-तीनदा केलं, दोन-तीन सेकंदांचाच फरक. निम्म्याहून पातळ!

पेट्रोल ऑइलमध्ये आलं कुठून? पद्मिनीत पेट्रोलचा पंप इंजिनच्या अंगाला बसवलेला असतो आणि इंजिनचा कॅमशाफ्ट त्याची दांडी हलवतो. मिस्त्री लोक त्याला एसी पंप म्हणतात. आत रबरी कापडाचा पडदा असतो, डायफ्रॅम. तो फाटला आणि खालचं सीलही गेलेलं असलं, तर पेट्रोल गुपचूप चेंबरमध्ये उतरतं. काकांनी पंप काढून हातानं दांडी हलवली. खालून टपटप. ऑइल का वाढत होतं, गाडी पेट्रोल का जास्त पीत होती, दिवा का लागत होता, तिन्ही प्रश्नांचं एकच उत्तर माझ्या तळहातावर टपकत होतं.

पंपाचं रिपेअर किट पुण्यातून आणलं. ते, नवीन ऑइल आणि फिल्टर धरून खर्च तीन हजारांच्या आत. परत गेज लावलं. गरम इंजिन, स्लोला १७. रेस दिल्यावर ४०. नव्या गाडीइतकं नसेल. इतक्या वर्षांत बेअरिंग झिजलेलं आहेच थोडं, ते कोण नाकारतंय? पण भंगारात घालण्याइतकं नक्कीच नाही.

आता गॅरेजवाल्याचा सल्ला ऐकला असता तर काय झालं असतं बघा. इंजिन उतरलं असतं, नवीन बेअरिंग पडलं असतं, नवीन ऑइल आलं असतं. दिवा बंद! सगळे खूश! आणि फाटका डायफ्रॅम तसाच. महिनाभरात पेट्रोल परत ऑइलमध्ये, आणि चाळीस हजारांचं नवीन बेअरिंग त्या पातळ ऑइलवर घासून गेलं असतं. आणि तोपर्यंत आम्ही सगळे म्हणत राहिलो असतो, निदान बरोबर होतं.

इथपर्यंत वाचून तुम्ही म्हणाल, छान गोष्ट आहे, म्हातारे मिस्त्री हुशार, पुस्तकी पोरगी ढ. पण मला ते म्हणायचंच नाहीये. काकांना क्लिअरन्सच्या घनाचं गणित माहीत नव्हतं, ते मी सांगितलं तेव्हा त्यांनी दोनदा समजावून घेतलं. पुस्तक खोटं नव्हतंच. माझ्याकडे तिन्ही वाटांचं ज्ञान होतं. फक्त आकडा घ्यायची सवय नव्हती. ती का नव्हती, हा खरा मुद्दा.

आता कबुलीजबाब. ऑइल पातळ आहे की घट्ट हे मोजायला आपल्या लॅबमध्ये रेडवुड व्हिस्कोमीटर आहे. ५० मिली तेल खाली यायला किती सेकंद लागतात ते वेगवेगळ्या तापमानांना मोजायचं. खुटबावला मी बाटलीनं केलं तेच, फक्त नीट. दुसऱ्या वर्षी हा प्रयोग माझ्या फाईलमध्ये आहे. रीडिंग सुरेख, ग्राफ तर इतका गुळगुळीत की बघत राहावं. सही आहे, पैकीच्या पैकी मार्क आहेत. आणि मी त्या दिवशी व्हिस्कोमीटरला हातसुद्धा लावला नव्हता. आमची अख्खी बॅच कँटीनमध्ये होती. रीडिंग सिनियरच्या फाईलमधून आले, तिच्याकडे तिच्या सिनियरकडून. गरम तेल पातळ होतं हे मी ओरलला फाडफाड इंग्रजीत सांगितलं होतं. ते हाताला कधी कळलंच नव्हतं.

शीटची जीटी मारणं, फाईल छापणं याला आपण अभ्यास समजतच नाही, हमाली समजतो. त्यामुळे अपराधी वाटत नाही. मलाही वाटलं नव्हतं. पण छापलेल्या रीडिंगमधून आपण नकळत एक गोष्ट शिकतो: उत्तर आधीच ठरलेलं असतं, आकडा नंतर बसवायचा असतो. मामाच्या फोनवर मी नेमकं तेच केलं. उत्तर ठरलं होतं, बेअरिंग. "ऑइल वाढतंय" हे रीडिंग त्यात बसत नव्हतं, म्हणून मी ते हसून खोडलं. फाईलमध्ये ग्राफच्या बाहेर गेलेला बिंदू खोडतो, अगदी तसंच.

तो बाहेरचा बिंदू कधीकधी काय असतो, ते सांगते. इंग्लंडमध्ये बोशँप टॉवर नावाचे इंजिनिअर होते. रेल्वेच्या डब्यांच्या बेअरिंगमधलं घर्षण ते मोजत होते. १८८३ च्या आसपासची गोष्ट. बेअरिंगला वरून तेल सोडायला एक भोक पाडलं, तर तेल आत जायच्याऐवजी उलटं बाहेर येऊ लागलं. लाकडी बूच मारलं, तर तेलानं तेही बाहेर ढकललं. वैतागून भोक कायमचं बुजवणं सोपं होतं. टॉवर यांनी तिथे प्रेशर गेज लावलं. २०० पीएसआयपर्यंतचं गेज होतं, काटा त्याच्याही पुढे गेला! फिरणारा शाफ्ट स्वतःच तेलाची पाचर ओढून घेतो आणि तिच्यावर तरंगतो, हे असं कळलं. १८८६ मध्ये ऑस्बॉर्न रेनॉल्ड्स यांनी त्याचं गणित मांडलं आणि तेच आपण आज ओरलला पाठ म्हणून दाखवतो. खुटबावच्या शेडमध्ये काकांनी पद्मिनीला लावलं तसलंच एक गेज, त्याच जागी लावायची तीच बुद्धी. नको असलेलं रीडिंग कुणी खोडलं नाही, म्हणून एक शास्त्र जन्माला आलं.

बाकीच्या ब्रँचनी हसू नये. सिव्हिलमध्ये काँक्रीटच्या क्यूबची २८ दिवसांची ताकद सातव्या दिवशीच फाईलमध्ये आलेली मी बघितलीये. कॉम्प्युटरवाले एरर मेसेज न वाचता अख्खं मशीन फॉरमॅट मारतात, म्हणजे दिवा लागला की इंजिन उतरवलं! इलेक्ट्रॉनिक्सवाले मल्टिमीटर न लावता आयसी बदलतात.

सरांची आणि मॅडमची बाजूही मला कळते. एक व्हिस्कोमीटर, वीस जणांची बॅच, दोन तास. बाहेरून येणाऱ्या परीक्षकाला ग्राफ सरळ हवा. आकडा वाकडा आला की "परत करून आणा" म्हणायची पद्धत, आणि परत करायला वेळ नाही, म्हणून छापायचं. आमच्या आळशीपणाला हे निमित्त पुरतं. पण निमित्त ते निमित्तच. कँटीनला आम्हाला कुणी ढकललं नव्हतं.

म्हणून माझ्या तीन साध्या सूचना. पहिली, रीडिंग त्याच दिवशी, पेननं, तिथल्या तिथे लिहावेत आणि त्याच कच्च्या पानावर सही व्हावी. कागद ऑइलनं डागाळला तरी चालेल. दुसरी, वाकडं रीडिंग आलं तर मार्क कापू नयेत. ते का आलं असेल हे चार ओळींत लिहिणाऱ्याला उलट एक मार्क जास्त द्यावा. तिसरी, लॅबमधल्या जुन्या इंजिनात सरांनी मुद्दाम एक बिघाड करून ठेवावा, कधी वायर ढिली, कधी स्विच बाद, कधी पातळ ऑइल. तो आम्ही मोजत मोजत शोधावा. अट एकच. किमान तीन आकडे लिहिल्याशिवाय पाना हातात घ्यायचा नाही.

आणि ज्यांच्या घरी जुनी गाडी आहे त्यांना एवढंच: ऑइलचा दिवा लागला तर गाडी ताबडतोब बाजूला घ्या आणि इंजिन बंद करा. "आधी मोजा" म्हणजे दुर्लक्ष करा असं नाही. पट्टी बघा, हुंगा, वायर तपासा, गेज लावा. इंजिन उघडायची पाळी आलीच तर ती सगळ्यात शेवटी.

पद्मिनी अजून शेडमध्येच आहे. मिस्त्रीकाकांनी ट्रॅक्टरचं गेज परत नेलं नाही, डॅशबोर्डाखाली कायमचं बसवून दिलं. मामा दर महिन्याच्या एक तारखेला गरम इंजिनचा आकडा कालनिर्णयच्या मागच्या पानावर लिहितो आणि फोटो मला पाठवतो. गेल्या महिन्यात १६ होता.

मी रेडवुडचा प्रयोग परत करायची परवानगी मागितलीये. मार्क मिळणार नाहीत, सबमिशन तर कधीच झालंय. लॅब असिस्टंट काकांनी विचारलं, "मग कशाला करतेस गं?" मी म्हटलं, आकडा बघायचाय. कुणाला यायचं असेल तर शनिवारी दोन वाजता या. कँटीन काय, चार वाजता पण उघडीच असते.